चार म्हणजे किती?

एका गुणपत्रकावर ४ हा आकडा आहे. विद्यार्थ्याचं अभिनंदन करायचं की त्याची समजूत काढायची? गुणपत्रक कुठल्या देशातलं आहे हे कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. अमेरिकेत सरासरी ४.० म्हणजे शिखर, सगळ्या विषयांत ‘ए’. जर्मनीत ४.० म्हणजे काठावर पास, त्याच्या पुढे नापासाची हद्द. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्येही ४ ला काठावरच पास; पण तिथे १ पासून वर चढत ४ पर्यंत पोचायचं असतं आणि जर्मनीत १ पासून घसरत ४ वर येतात. रशियात ४ म्हणजे ‘चांगला’. नेदरलँड्समध्ये दहापैकी ४ म्हणजे नापास आणि फ्रान्समध्ये विसापैकी ४ म्हणजे सपशेल नापास. डेन्मार्कमध्ये ४ म्हणजे पास झालेल्यांच्या पायऱ्यांत खालून दुसरी. आपल्या यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीत ४ म्हणजे ‘पी’, नुसता पास. इटलीच्या विद्यापीठात तर कुणाच्या नावापुढे परीक्षेचा गुण म्हणून ४ सापडणारच नाही, कारण १८ पेक्षा कमी गुण तिथे पासाच्या नोंदीत येतच नाहीत.

हे सगळे आकडे एकाच गोष्टीचे आहेत: तरुण माणसाला विषय किती कळला. पूर्वी तालुका बदलला की पायली बदलायची, तसंच हे दिसतं. पण प्रत्येक मापामागचा इतिहास उकलत गेलं की थक्क व्हायला होतं. गुण देण्याच्या पद्धतीत त्या त्या समाजाने काही मोठ्या प्रश्नांची उत्तरं देऊन ठेवलेली असतात. परिपूर्णता माणसाच्या हाती लागू शकते का? एका विषयातलं अपयश दुसऱ्या विषयातल्या यशाने धुऊन निघतं का? एका विद्यार्थ्याला दुसऱ्याशेजारी उभं करून मोजावं का?

आधी आइन्स्टाइनची गोष्ट, कारण ती आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते: आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास झाले होते. गणितात कमी गुण पडलेल्या मुलाला धीर द्यायला ती सोयीची आहे, पण खोटी आहे. स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या शाळेतलं त्यांचं १८९६ चं प्रमाणपत्र आज उपलब्ध आहे. त्यावर बीजगणितात ६, भूमितीत ६, भौतिकशास्त्रात ६ आणि फ्रेंचमध्ये ३ असे गुण आहेत. ६ हा तिथला सर्वोच्च गुण. जर्मन पद्धतीची सवय असलेल्या माणसाने हा कागद पाहिला तर त्याला ६ म्हणजे तळ वाटणार आणि फ्रेंचमधला ३ बरा वाटणार. त्यातून आइन्स्टाइन तिथे शिकत असतानाच त्या शाळेने आपली श्रेणी उलटी केली. आधी १ सर्वोत्तम होता, मग ६ सर्वोत्तम झाला. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध बुद्धिमान माणसाबद्दलची ही दंतकथा पसरायला अशा उलट्या वाचनाने हातभार लावला असावा. पुढे १९०० साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातून ते पदविका घेऊन बाहेर पडले तेव्हा सहापैकी ४.९१ अशी त्यांची सरासरी होती. पाच वर्षांनी त्यांनी सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला.

इटलीचे आकडे पहिल्यांदा वाचताना डोकं चक्रावतं. विषयाची परीक्षा ३० गुणांची, पास व्हायला १८. पदवीचा अंतिम गुण मात्र ११० पैकी, आणि तिथे पासाची रेषा ६६. तीस का, एकशे दहा का? शंभराचा सोपा आकडा असताना हा हट्ट कशासाठी? उत्तर परीक्षकांच्या खुर्च्यांमध्ये आहे. विषयाच्या परीक्षेला तीन परीक्षक बसायचे आणि प्रत्येकाच्या हातात दहा गुण असायचे. पदवीच्या मंडळात अकरा जण, प्रत्येकाकडे पुन्हा दहा. दहापैकी सहा म्हणजे पास, म्हणून तिघांचे मिळून अठरा आणि अकरांचे मिळून सहासष्ट. हा हिशोब कळला की तो कोरडा आकडा जिवंत होतो. ११० च्या मागे झगे घातलेली अकरा माणसं एका ओळीत बसलेली दिसू लागतात. आज बऱ्याच परीक्षांना तीन परीक्षक समोर नसतात, पण तीस टिकून आहेत.

इटलीत परीक्षा बहुतेकदा तोंडी असते. प्राध्यापकासमोर बसायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि तिथल्या तिथे गुण ऐकायचा. आपल्याला नवल वाटेल अशी गोष्ट त्यापुढची आहे: बहुतेक ठिकाणी विद्यार्थी तो गुण नाकारू शकतो. ‘चोवीस’ असं प्राध्यापक म्हणाले आणि विद्यार्थ्याला वाटलं की आपली तयारी याहून चांगली होऊ शकते, तर नम्रपणे नकार देऊन तो पुढच्या खेपेला पुन्हा परीक्षेला बसतो. पास होऊनही पास न स्वीकारण्याचा हा हक्क मला फार सुंदर वाटतो. परीक्षा म्हणजे निकालपत्रावर उमटलेला कायमचा शिक्का, या समजुतीवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. तीसपैकी तीस मिळवूनही परीक्षकाला चकित करणाऱ्याच्या गुणापुढे आणखी एक गौरवाचा शब्द लिहिला जातो. ११० च्या पुढेही तो लागतो आणि पदवीच्या दिवशी मित्रमंडळी नव्या पदवीधराच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढवतात.

डेन्मार्कची गोष्ट याहून विलक्षण आहे. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते हे १८२० मध्ये दाखवून देणारे हान्स क्रिश्चन अर्स्टेड यांच्या नावाने तिथे एक गुणश्रेणी चालत असे. तिच्या सहा पायऱ्यांची किंमत होती ८, ७, ५, १, उणे ७ आणि उणे २३. हो, उणे तेवीस! हे आकडे मनाला येतील तसे लिहिलेले नाहीत. ८ आणि ७ मधलं अंतर १, ७ आणि ५ मधलं २, ५ आणि १ मधलं ४, १ आणि उणे ७ मधलं ८, उणे ७ आणि उणे २३ मधलं १६. दर पायरीला घसरण दुप्पट होते. परिणाम काय होतो ते पाहा. तीन विषयांत सर्वोत्तम ८ मिळवलेल्या विद्यार्थ्याला चौथ्यात सर्वांत खालचा गुण मिळाला, तर बेरीज २४ वजा २३, म्हणजे १. सरासरी पाव. तीन विषयांतलं तेज एका विषयातल्या अज्ञानाने जवळजवळ पुसून टाकलं. एकांगी हुशारी चालणार नाही, हा विचार या श्रेणीने नियमावलीत न लिहिता थेट गणितात पेरला होता. ती क्रूर आहे असं मला वाटतं, पण इतका स्पष्ट विचार असलेली दुसरी श्रेणी मला माहीत नाही.

डेन्मार्कची आजची श्रेणी २००७ पासूनची: उणे ३, ००, ०२, ४, ७, १० आणि १२. उणे गुण अजून शिल्लक आहे. शून्य आणि दोनच्या आधीचं जास्तीचं शून्य मात्र छपाईची चूक नाही. नुसता २ लिहिला तर कुणीतरी त्याच्या डावीकडे १ काढून त्याचा १२ करेल, म्हणून ती जागा आधीच भरून टाकली आहे. त्यापूर्वीच्या श्रेणीत ११ नंतर थेट १३ होता, मध्ये १२ नव्हताच. १३ हा गुण अपवादात्मक, स्वतंत्र प्रतिभेसाठी राखलेला. ती पोकळी मुद्दाम ठेवलेली होती, म्हणजे उत्तम काम आणि असामान्य काम यांच्यातलं अंतर कुणीही आकड्यातच पाहू शकावं.

ब्रिटनमध्ये गोष्ट आपल्या अगदी अंगणात येते. केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्यांना रँग्लर म्हणत, आणि १९०९ पर्यंत त्यांची नावं गुणांच्या क्रमाने जाहीर होत. पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली हा मान दोघांना विभागून मिळाला: एक बर्टविसल आणि दुसरे दापोलीजवळच्या मुर्डी गावचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रात त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसला. आपल्याकडे त्यांचं नाव आजही त्या शब्दाशिवाय क्वचितच घेतलं जातं.

या क्रमवारीची दुसरी बाजू तिच्या तळाशी होती. सन्मानाने उत्तीर्ण झालेल्यांत सर्वांत शेवटी आलेल्याला सहाध्यायी सज्जातून दोरीने एक लाकडी चमचा सोडून देत. शेवटच्या काळात तो वल्ह्याएवढा लांब झाला होता. आणि मुलींना तर या यादीत जागाच नव्हती. त्या परीक्षेला बसत, पण त्यांची नावं वेगळी वाचली जात: अमुक मुलगी विसाव्या आणि एकविसाव्या मुलाच्या मध्ये, अशा पद्धतीने. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांचं नाव वाचलं गेलं ते ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं. साऱ्या केंब्रिजमध्ये गणितात पहिल्या आलेल्या या मुलीला पदवी मात्र मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये.

क्रम बंद व्हावा म्हणून झटणाऱ्यांत गणितज्ञ जी. एच. हार्डी होते, ते स्वतः चौथे रँग्लर. त्यांची तक्रार होती की मुलं गणित शिकत नाहीत, खासगी शिकवणी लावून परीक्षेच्या युक्त्या शिकतात. ती खरी होती असंच मला वाटतं. थोर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल आणि केल्व्हिन दोघेही या परीक्षेत आपापल्या वर्षी दुसरे आले होते. त्यांच्या वर्षी पहिले कोण आले हे आज इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक. क्रम गेला आणि वर्ग उरले: प्रथम, वरचा द्वितीय, खालचा द्वितीय, तृतीय. ७० च्या आसपास प्रथम वर्ग आणि ४० ला पास. आपल्या डोळ्यांना ७० साधे दिसतात. पण तिथे विशेषतः मानव्यविद्यांत ८० च्या वरची जागा जवळजवळ रिकामी असते. फ्रान्समध्ये विसापैकी १६ ला ‘अतिशय उत्तम’ म्हणतात, विसापैकी वीस क्वचितच दिसतात. जर्मनीत कायद्याची श्रेणी ० ते १८ अशी आहे आणि तिथल्या राज्य परीक्षेत ९ म्हणजे बरोबर अर्धे गुण मिळाले की भावी न्यायाधीश म्हणून माणसाकडे आदराने पाहू लागतात. या देशांनी वरचे आकडे जणू कुणासाठी तरी राखून ठेवले आहेत.

अमेरिकेचा प्रवास याच्या उलट झाला. १७८५ मध्ये येलचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी शेवटच्या वर्षाच्या ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि त्यांची चार गटांत विभागणी करून रोजनिशीत लिहून ठेवली: २० सर्वोत्तम, १६ दुय्यम सर्वोत्तम, १२ कनिष्ठ आणि १० त्याहूनही खालचे. अमेरिकेतल्या श्रेणींच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. अक्षरं आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. माउंट होल्योक या मुलींच्या महाविद्यालयात १८९७ मध्ये ए, बी, सी, डी हे पास आणि ई नापास असं ठरलं. ७५ च्या खाली ई! पुढच्याच वर्षी त्यांनी ई ला पासात घेतलं आणि नापासासाठी एफ आणला. पुढे बहुतेक ठिकाणी ई गळून गेला, एफ राहिला. आपल्या यूजीसीच्या तक्त्यात नापासासमोर आज जे ‘एफ’ दिसतं, ते मोठा समुद्र ओलांडून आलं आहे.

त्यानंतर अमेरिकेत ‘ए’ स्वस्त होत गेला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात महाविद्यालयात चांगली प्रगती असणाऱ्याला सैन्यभरती पुढे ढकलता येत असे, त्यामुळे एखाद्या ‘डी’चा अर्थ मुलाला युद्धावर धाडणं असा होऊ शकत होता. प्राध्यापकांचे हात सैल झाले यात नवल नाही. युद्ध संपलं, पण पुढच्या दशकांत चढण पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये सर्वाधिक वेळा दिला जाणारा गुण ‘ए’ असल्याचं विद्यापीठानेच सांगितलं. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ‘ए’ गटातले गुण सुमारे ३५ टक्क्यांपर्यंतच द्यावेत असं ठरवून पाहिलं आणि २०१४ मध्ये ते धोरण सोडून दिलं. आपल्या मुलांनाच नोकरीच्या शर्यतीत मागे ठेवणारा नियम एकट्या विद्यापीठाला परवडत नाही.

मग पुण्याची मुलगी म्युनिकला अर्ज करते तेव्हा तिच्या गुणांचं काय होतं? जर्मनीत यासाठी एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. सर्वोच्च गुणातून आपला गुण वजा करायचा. त्याला सर्वोच्च आणि पासाच्या गुणातल्या अंतराने भागायचं. उत्तराला तीनने गुणून एक मिळवायचा. दहापैकी दहा असतील तर उत्तर १.० येतं आणि पासाच्या रेषेवर असेल तर ४.०. दोन्ही टोकं जर्मन श्रेणीवर बरोबर बसतात. आता तिचे गुण दहापैकी ७.५ आणि पासाची रेषा ४ असेल तर उत्तर २.२५. रेषा ५ असेल तर त्याच ७.५ चे २.५ होतात. म्हणजे ज्या विद्यापीठात पास होणं सोपं, त्याची विद्यार्थिनी सूत्रात सरस ठरते!

हेच सूत्र डोळे मिटून ब्रिटनच्या ७० ला लावलं तर २.५ येतात आणि आपल्याकडच्या ७५ टक्क्यांना २.२५. ब्रिटनमधला प्रथम वर्ग मागे पडला. फ्रान्सचे विसापैकी १४, ज्यांना तिथे मानाने ‘उत्तम’ म्हणतात, त्यांचे होतात २.८. सूत्राचं गणित निर्दोष आहे. पण पासाच्या रेषेपासून शिखरापर्यंतची वाट सगळीकडे सारखीच वापरली जाते, हे त्यातलं गृहीतक खरं नाही. कुठे ती वाट वरपर्यंत गजबजलेली असते, तर कुठे मध्यावरच ओस पडते.

याचं उत्तर युरोपने फार विचार करून शोधलं. विद्यार्थ्यांनी एका देशात थोडं आणि दुसऱ्या देशात थोडं शिकावं म्हणून १९८७ मध्ये इरास्मस योजना सुरू झाली; १९९९ मध्ये बोलोन्या इथे २९ देशांनी उच्च शिक्षणाचा ढाचा जुळवून घ्यायचं ठरवलं. एका वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, हे जमलं. गुण मात्र जमेनात. आधी असं सुचवलं गेलं की पास झालेल्यांपैकी वरच्या १० टक्क्यांना ए, पुढच्या २५ ना बी, मग ३० ना सी, २५ ना डी आणि शेवटच्या १० ना ई द्यावा. पण बारा जणांच्या वर्गात दहा टक्के म्हणजे कोण? प्रत्येक वर्ग हुशारीने सारखाच असतो का? २००९ च्या मार्गदर्शिकेने तो आग्रह सोडला आणि एक साधी गोष्ट मागितली: तुमची श्रेणी तुमच्याकडे ठेवा, फक्त कोणता गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळतो तो तक्ता सोबत द्या. समजा, इटलीतल्या एका विभागात २८ आणि त्यावरचे गुण वरच्या तीस टक्क्यांना मिळतात आणि जर्मनीतल्या तशाच विभागात वरच्या तीस टक्क्यांचा गुण १.७ किंवा त्याहून सरस असतो. मग २८ आणि १.७ शेजारी बसवायला सूत्र लागत नाही. ११० मागचे अकरा परीक्षक आणि ०२ मधलं राखणदार शून्य, सगळं जागच्या जागी राहतं, आणि तरी माणसं एकमेकांचे आकडे वाचू शकतात. मला ही आधुनिक शिक्षणातल्या सर्वांत शहाण्या कल्पनांपैकी एक वाटते.

परदेशी अर्ज करणाऱ्या मुलामुलींनी म्हणून आपले गुण स्वतः बदलून लिहू नयेत. सीजीपीएला ९.५ ने गुणायचा जो नियम सर्रास ऐकू येतो, तो सीबीएसईने दहावीसाठी काढला होता; पदवीच्या गुणपत्रकाला तो आपोआप लागू होत नाही. आपल्या विद्यापीठाने ठरवलेलं रूपांतर असेल तर तेच द्या, नाहीतर मूळ गुण, सर्वोच्च गुण आणि पासाची रेषा हे तिन्ही जसेच्या तसे द्या. आणि विद्यापीठांना विनंती आहे: निकालाचा सगळा विदा तुमच्या संगणकात तयार आहे. प्रत्येक गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला पाच ओळींचा तक्ता छापा, त्या वर्षी त्या विषयात कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली एवढाच. त्याला नवा कायदा लागत नाही, वेगळा खर्चही फारसा नाही. येत्या निकालापासून सुरुवात करता येईल.